पर्सनॅलिटी टेस्ट देताय? मग या चुका टाळा

आधी एक विनंती. टेस्ट संपल्या संपल्या रिझल्टचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकू नका. कारण मग मामा म्हणतात "मला तर आधीच माहीत होतं", आत्या म्हणते "असं कसं, आमचा बंटी तर किती बोलका आहे", आणि बंटी बिचारा स्वतः नीट वाचायच्या आधीच सगळ्यांनी मिळून त्याचा स्वभाव ठरवून टाकलेला असतो.

इंदूरात माझ्याकडे या टेस्टा घेऊन येणारे साधारण दोन गटांतले. एक भंवरकुआच्या कोचिंगची पोरं आणि दुसरे विजयनगरच्या ऑफिसांतले, ज्यांना एचआरने लिंक पाठवलेली असते आणि "आज संध्याकाळपर्यंत भरा" असं सांगितलेलं असतं. वय वेगळं, पगार वेगळा, पण चुका त्याच त्या, आणि आता खरंच कंटाळा आलाय म्हणून एकदाच लिहून ठेवते, पुढच्या वेळी सरळ हेच फॉरवर्ड करीन.

चूक पहिली, आणि माझ्या डोक्यात जाणारी: परीक्षा समजून सोडवणं

समोर वाक्य येतं, "मी हातातलं काम लगेच संपवते." आता यावर खरं उत्तर काय, तर कपड्यांच्या घड्या चार दिवस खुर्चीवर पडलेल्या असतात. पण बोट कुठे जातं? "पूर्णपणे सहमत" वर. कारण आपल्याला लहानपणापासून सवय आहे की प्रश्न आला म्हणजे त्याचं बरोबर उत्तर असतं आणि ते दिलं की मार्क मिळतात. इथे बरोबर उत्तर नाहीये हो. टेस्टला तुमच्याबद्दल तेवढंच कळतं जेवढं तुम्ही तिला सांगता. तुम्ही तिला आदर्श सुनेबद्दल सांगितलंत तर ती आदर्श सुनेचा रिपोर्ट देईल, आणि तो घेऊन तुम्ही करणार काय?

यातला कळस म्हणजे एसएसबीची, म्हणजे फौजेत अधिकारी निवडणाऱ्या सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची, तयारी करणारी पोरं. महूची लष्करी छावणी शेजारीच, त्यामुळे आपल्याकडे फौजेचं वेड असलेली मुलं भरपूर, आणि ते वेड चांगलंच आहे. भोपाळच्या बोर्डाची तारीख आली की यांची धावपळ सुरू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तिथे एक अख्खा दिवस मानसशास्त्रीय चाचण्यांचा असतो. बारा चित्रांवर गोष्टी लिहायच्या, त्यातलं शेवटचं चित्र कोरं. मग ६० शब्द, एकेका शब्दाला १५ सेकंद, जे वाक्य सुचेल ते लिहा. मग ६० प्रसंग, प्रत्येकात तुम्ही काय कराल ते लिहायचं, आणि वेळ ३० मिनिटं. आणि शेवटी स्वतःचं वर्णन, म्हणजे आईवडील तुमच्याबद्दल काय म्हणतात, शिक्षक काय म्हणतात, मित्र काय म्हणतात, तुम्हाला स्वतःला काय वाटतं आणि तुम्हाला स्वतःत काय बदल हवाय.

असाच एक मुलगा आला होता. कुठल्यातरी क्लासमधून अधिकाऱ्याच्या १५ गुणांची यादी पाठ करून आलेला. चित्र कुठलंही दाखवा, त्याच्या गोष्टीत एक तरुण येणार, गावकऱ्यांना एकत्र करणार आणि संध्याकाळपर्यंत पूल बांधून मोकळा. एका चित्रात नुसती खिडकीशी बसलेली बाई होती, तिच्याही घराबाहेर याने पूल बांधला! मी म्हटलं ठीक आहे, आता आई तुझ्याबद्दल काय म्हणते ते लिही. लिहिलं: जबाबदार, शिस्तप्रिय, धाडसी. मी त्याच्याच फोनवरून आईला कॉल लावायला सांगितला, स्पीकरवर. माउली म्हणाली, "जबाबदार? अहो ताई, गॅसचा नंबर लाव म्हणून तीनदा सांगावं लागतं याला." पोरगं लाल. मग जरा थांबून ती म्हणाली, "पण आजोबांना रात्रीचं औषध रोज हाच देतो. कधी विसरत नाही. त्यांना ऐकू येत नाही ना, तर गोळी कशाची ते पाटीवर लिहून दाखवतो."

आता मला सांगा, हे त्याने का नाही लिहिलं? कारण क्लासच्या यादीत "आजोबांना औषध देणे" असा गुण नव्हता. पाठ केलेल्या पंधरा गुणांच्या खाली त्याचा स्वतःचा खरा, धडधडीत गुण दबून गेला होता, आणि त्या क्लासने त्याचे पैसेही घेतले होते. मला या शॉर्टकटवाल्यांचा राग येतो तो यासाठी. पंधरा सेकंदांत एक वाक्य, असं साठ वेळा, यात पाठांतर टिकतच नाही, शब्द अनोळखी आला की आतलं बाहेर येतंच, मग गोष्टीतला हिरो एक आणि वाक्यांतला माणूस दुसराच दिसायला लागतो.

माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक वाक्याला "गेल्या महिन्यात" जोडून वाचायचं. "मी हातातलं काम लगेच संपवते" असं न वाचता "गेल्या महिन्यात मी हातातलं काम लगेच संपवलं का?" असं वाचा. एकदम खुर्चीवरच्या घड्या आठवतात.

चूक दुसरी: चार अक्षरं म्हणजे जात समजणं

एमबीटीआय (मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर), म्हणजे ती आयएनएफजे, ईएसटीपी वगैरे चार-चार अक्षरांच्या सोळा टाइपवाली टेस्ट. आधी तिची कुंडली ऐका. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने १९२१ मध्ये व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवर पुस्तक लिहिलं, ते वाचून अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स यांनी ही प्रश्नावली बनवली. दोघींपैकी कुणीच मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. आता यात कमीपणा काही नाही, बायकांनी घरी बसून एवढं उभं केलं याचं मला कौतुकच आहे. घोळ आहे तो डबे पाडण्यात. बोलकेपणा घ्या. बहुतेक माणसं मधल्या भागात असतात, दोन्ही टोकांना थोडी. पण टेस्ट मधोमध रेघ मारते. तुम्हाला ५१ टक्के आले तर ई, म्हणजे एक्स्ट्रोव्हर्ट (बहिर्मुख), तुमच्या बहिणीला ४९ आले तर आय, म्हणजे इंट्रोव्हर्ट (अंतर्मुख), आणि झाल्या दोघी दोन वेगळ्या जगाच्या! म्हणूनच पाच आठवड्यांनी तीच टेस्ट पुन्हा दिली तर जवळजवळ निम्म्या लोकांचं एखादं तरी अक्षर बदलू शकतं, असं अभ्यासक सांगत आलेत.

हे सगळं मी लोकमान्य नगरच्या एका काकूंना समजावायचा प्रयत्न केला होता. मुलाचं बघत होत्या. पत्रिका जुळली, छत्तीसपैकी सव्वीस गुण, मानपानाचंही झालं, आणि मग काकूंच्या पुण्याच्या भाचीने डोक्यात किडा सोडला की हल्ली पर्सनॅलिटी मॅचिंगही करतात. काकू दोन प्रिंटआउट घेऊन आल्या, पत्रिकेच्याच प्लास्टिकच्या पिशवीत. "मुलगा आयएसटीजे, मुलगी ईएनएफपी. चारातलं एकही अक्षर जुळत नाही गं. कसं व्हायचं?" मी कागद बघितला, मुलाचे आकडे ५२, ५४, ५१ असे, म्हणजे सगळा काठावरचा मामला. मी म्हटलं काकू, अक्षरं सोडा, दोघं भेटलीत का? तर भेटलीत, दोनदा, सराफ्यात, आणि दुसऱ्या वेळी रात्री साडेअकरापर्यंत गप्पा संपेनात. मग अजून काय जुळायचंय? घरात भांडण झालं की आधी कोण बोलतं, पगार झाला की पैसे कसे खर्च होतात, आईवडिलांजवळ राहायचं की नाही, हे विचारू दे की एकमेकांना. काकूंना काही ते पटलं नाही. घरी जाऊन त्यांनी मुलाला दुसऱ्या साइटवर पुन्हा टेस्ट द्यायला लावली, त्यात तो आयएसएफजे निघाला, एक अक्षर जुळलं, आणि काकूंनी साखरपुड्याची तारीख काढली.

लग्नात निदान पेढे तरी मिळाले. नोकरीत हाच प्रकार महागात पडतो. एका ऑफिसात चांगला सेल्सवाला मुलगा, रिझल्टमध्ये "इंट्रोव्हर्ट" आलं म्हणून साहेबाने उचलून बॅकऑफिसला टाकला. एमबीटीआयची माणसं स्वतःच सांगतात की माणूस निवडायला ही वापरू नका, पण लिंक पाठवणाऱ्याने ते वाचलेलं असेल तर शपथ. आणि उलटंही होतं, "मी इंट्रोव्हर्ट आहे" म्हणत पाहुणे आले की खोलीत पळणारी पोरं. बाळा, तू इंट्रोव्हर्ट असशीलही, पण पाण्याचा ग्लास आणून द्यायला काय हरकत आहे?

अक्षरांपेक्षा आकडे बघायचे असतील तर बिग फाइव्ह घ्या. नवीन अनुभवांची ओढ, नेटकेपणा आणि जबाबदारी, बहिर्मुखता, सामंजस्य आणि भावनिक अस्थिरता असे पाच घटक, आणि प्रत्येकात तुम्ही कुठे आहात ते पट्टीवर दिसतं. संशोधक सगळ्यात जास्त हीच वापरतात.

पण तिथेही आकडे वाचायची बोंब आहेच. "मॅडम, सामंजस्यात ३५ च आले, नापास का?" हे मला एका मुलाच्या वडिलांनी विचारलंय, चेहरा अगदी प्रीबोर्डच्या रिझल्टसारखा. ३५ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले पस्तीस जण या बाबतीत त्याच्या खाली, बास. आणि खाली म्हणजे वाईट नाही. सामंजस्य ९५ असलेली माणसं मी बघितलीत, कुणालाच नाही म्हणता येत नाही आणि ऑफिसातली सगळ्यांची उरलेली कामं यांच्या टेबलावर. शिवाय तुलना कुणाशी झालीय तेही बघा, बऱ्याच साइटवर ती परदेशातल्या इंग्रजी बोलणाऱ्यांशी असते.

"अगदी माझंच वर्णन केलंय!"

थांबा. १९४८ मध्ये अमेरिकेत बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकाने वर्गातल्या ३९ मुलांची टेस्ट घेतली आणि प्रत्येकाला त्याचा "खास" रिपोर्ट दिला. किती जुळतो ते पाचपैकी सांगा म्हटल्यावर सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच रिपोर्ट दिला होता, आणि त्यातली वाक्यं स्टॉलवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातली. "तुमच्यात बरीच क्षमता आहे पण ती अजून पूर्ण वापरली गेलेली नाही" छापाची. कोण नाही म्हणेल? म्हणून रिपोर्ट आला की मी आधी दुसऱ्याच टाइपचा रिपोर्ट वाचायला देते. तोही तितकाच जुळला तर दोन्ही रद्दीत.

छोट्या छोट्या चुका, पटापट:

भांडण झाल्यावर टेस्ट देऊ नका. बॉसने झापलंय त्या संध्याकाळी तर मुळीच नाही.

उलटी वाक्यं नीट वाचा. "मी वस्तू जिथल्या तिथे ठेवत नाही" यावर "अजिबात सहमत नाही" म्हटलं तर तुम्ही टापटीप निघता, आणि घाईत अर्धे लोक इथेच गडबडतात. मोठ्याने वाचायचं, लाज वाटत असेल तर दार लावून घ्या.

बोटांचे ठसे घेऊन मुलाचा स्वभाव आणि करिअर सांगणारे शाळांतून फिरतात, त्यांना पैसे देऊ नका. त्याला शास्त्रीय आधार नाही, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही तेच सांगितलंय. तेवढ्या पैशात पोराला पोहायला घाला.

अठराव्या वर्षी आलेला रिझल्ट फ्रेम करून लावू नका. पंचविशी-तिशीत माणसं सरासरीने जास्त जबाबदार आणि कमी चिडकी होत जातात, हे बऱ्याच देशांच्या अभ्यासांत दिसलंय. तारीख टाकून फाइलला ठेवा, दोनेक वर्षांनी परत काढा.

टेस्ट म्हणजे निदान नव्हे. झोप उडालीय, कशात मन लागत नाही, जगणं नको वाटतंय, तर प्रश्नावली भरत बसू नका, डॉक्टरकडे जा, नाहीतर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन लावा.

आणि एकट्यानेच भरणं

याबद्दल लोक ऐकतच नाहीत. तुम्ही भरली ना, आता तीच टेस्ट घरातल्या एखाद्याला तुमच्याबद्दल भरायला सांगा. नवरा, बहीण, जुना रूममेट, कुणीही, पण तुम्हाला घाबरणारं नको. सिमीन वझीर या संशोधिकेने २०१० मध्ये दाखवलं होतं की आतली घालमेल, काळजी वगैरे आपल्याला स्वतःलाच जास्त कळते, पण आपण किती हुशार आणि कल्पक आहोत हे मित्रांना जास्त बरोबर कळतं. म्हणजे दोन्ही कागद लागतात. मग शेजारी शेजारी ठेवा आणि जिथे एक ते पाचच्या पट्टीवर दोन आकड्यांपेक्षा जास्त फरक असेल तिथेच फक्त पेन्सिलने खूण करा. बाकी सोडून द्या. एका जोडप्याचा असाच एका वाक्यावर फरक आला, "मी समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतो." त्याने स्वतःला पाच दिले, बायकोने दोन. तो लगेच सुरू झाला, "असं कसं, मी तर नेहमी..." आणि ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

बिग फाइव्ह फुकटात हवी असेल तर आयपीआयपीची (इंटरनॅशनल पर्सनॅलिटी आयटम पूल) प्रश्नावली शोधा, तिचे प्रश्न सगळ्यांना खुले आहेत, क्रेडिट कार्ड मागत नाही. १२० प्रश्नांची घ्या. ३०० वाली पहिल्याच फटक्यात नको, शंभराच्या फार पुढे गेलं की सगळे डोळे मिटून ३-३-३-३ मारत सुटतात, आणि मग मला विचारतात की रिपोर्ट इतका गुळगुळीत का आला.