घरी गणित शिकवताय? मग या चुका तेवढ्या टाळा

संध्याकाळी आमच्या सोप्यात गल्लीतली चार-पाच पोरं गणिताला बसतात आणि प्रत्येकाची आई पहिल्या दिवशी हेच सांगते, ह्याचे वीसपर्यंत पाढे पाठ आहेत हं. असतात की, धाडधाड म्हणतो गडी, पण मधेच सात आठे किती विचारलं की सात एके सातपासनं गाडी चालू.

पण माझं डोकं खरं फिरतं ते हातच्याच्या वजाबाकीला. वस्तू हातात न देता डायरेक्ट नियम. माझ्याच पोराचं सांगते, ५२ वजा १७, त्यानं लिहिलं ४५, कारण दोनातनं सात जात नाहीत मग सातातनं दोन घालवले नि मोकळा झाला. मी तीनदा सांगितलं दशकाकडनं उसना घे, चौथ्यांदा आवाज चढला, पोरगं रडायला लागलं, तिकडं कुकर शिट्ट्या मारतोय. सासूबाई देवापुढनं उठल्या, माझ्याच पर्समधनं दहाच्या पाच नोटा नि रुपयाची दोन नाणी त्याच्या हातात दिली, म्हणाल्या, "मी भाजीवाली, माझे सतरा रुपये दे." त्यानं एक नोट दिली, मग नाण्यांकडं बघत बसला.

"आज्जी, सुट्टे नाहीत गं."

"मग मोड घे की माझ्याकडनं."

एका नोटेची दहा नाणी मोजून घेतली, झाली बारा, त्यातली सात दिली. हातात तीन नोटा, पाच नाणी. ४५ त्यानं स्वतःच खोडलं.

तेव्हापासनं बिस्किटाच्या डब्यात नोटा आणि चिल्लर असते, पहिला आठवडा वही उघडायचीच नाही. आठवडा म्हटलं की आयांची तोंडं वाकडी होतात, शेजारचं पोरगं पुढं गेलं म्हणे. जाऊ दे की!

दुसरं, पंचवीस सांगितलं आणि ५२ लिहिलं तर धपाटा घालू नका, कानाला पाचच आधी ऐकू येतात. २०१९ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचन आलं तेव्हा केवढा दंगा झाला, मीपण जोक फॉरवर्ड केलेले, आता पोरं समोर बसल्यावर वाटतं त्यात तथ्य होतं. मी दोन्ही बोलते, पंचवीस म्हणजे वीस आणि पाच. एकोणतीस तर अजून वाकडं, नाव तिसाचं आणि लिहायचं २९. त्याला मी आमच्या कोल्हापुरातली राजारामपुरी वापरते, तिथल्या गल्ल्यांना नंबरच आहेत, गाडीवरनं जाताना तिसऱ्या गल्लीतनं अकराव्या गल्लीत जायचं तर किती गल्ल्या पुढं, आणि दहावी गल्ली म्हणजे अकरावीच्या एक अलीकडं, तसंच एकोणतीस तिसाच्या एक अलीकडं.

बाकी किरकोळ. बोटांवर मोजू द्या, आपणपण मोजतोच. घड्याळ लावू नका. बरोबर आलं की चॉकलेट दिलंत तर दोन दिवसांत पोरगं सौदा करायला लागतं. ॲपवर तर अंदाजानं बोटं दाबतात, मला पटत नाही. त्यापेक्षा पत्त्यांतली चित्रांची पानं बाजूला काढा, उरलेल्यातली दोन पानं उलटा, बेरीज आधी सांगेल त्याची पानं. मुद्दाम हरू मात्र नका, पोरांना लगेच कळतं. काल मी नऊ आणि आठाला खरंच हरले, लक्ष कुकरकडं होतं, तर म्हणतोय कसा, "आई, मुद्दाम ना?"