डेबियनमध्ये यायचंय? आधी एक वाद शेवटपर्यंत वाचा

डेबियन या लिनक्सवर आधारित मुक्त ऑपरेटिंग सिस्टमच्या प्रकल्पात योगदान द्यायचं आहे असं म्हणणारे बहुतेक विद्यार्थी एकच प्रश्न विचारतात: कोणतं नवं पॅकेज (इन्स्टॉल करायला तयार असा सॉफ्टवेअरचा गठ्ठा) बनवू? माझं उत्तर ठरलेलं आहे. नवं काही बनवू नका. आधी एखादा जुना वाद पहिल्या पत्रापासून शेवटच्या पत्रापर्यंत वाचून काढा आणि मग कुणाचं तरी मोडलेलं पॅकेज दुरुस्त करा. मी काही वर्षं डेबियनमध्ये लहानसहान लायब्ररी (इतर प्रोग्रॅम वापरतात असे कोडचे संच) सांभाळतो आहे. पॅकेजिंगचं जे शहाणपण माझ्याकडे आहे, त्यातलं बरंचसं मला इतरांचे मतभेद वाचताना मिळालं.

तांत्रिक भाग तुम्हाला जमेल, त्याची भीती नको. सोर्समध्ये (मूळ कोडमध्ये) ‘डेबियन’ नावाची एक डिरेक्टरी असते, तिच्यात कंट्रोल, रूल्स, चेंजलॉग आणि कॉपीराइट या फाइली. बिल्डचं, म्हणजे सोर्सपासून पॅकेज घडवण्याचं, कष्टाचं काम डेबहेल्पर उचलतो, एसबिल्ड ते कोऱ्या वातावरणात करून बघतो, लिंटियन चुका दाखवतो. खरा वेळ खाते ती कॉपीराइट फाइल, कारण सोर्समधल्या प्रत्येक फाइलचा परवाना तपासून लिहावा लागतो. नवं पॅकेज रांगेत थांबतं तेव्हा आर्काइव्ह (डेबियनच्या पॅकेजेसचा साठा) सांभाळणारे लोक हीच फाइल बारकाईने बघतात.

आता कामाची पद्धत. १९९८ मध्ये डेबियनने स्वतःची घटना स्वीकारली. तिच्यात एक तरतूद आहे, जी मी प्रत्येक नवख्याला वाचायला लावतो: कुणावरही काम करण्याची सक्ती नाही. काम नको असेल तर करू नका, पण रीतसर झालेल्या निर्णयाच्या विरुद्ध मुद्दाम काही करू नका. दुसरी तरतूद टेक्निकल कमिटीची, म्हणजे तांत्रिक वादांवर निर्णय देणाऱ्या समितीची. एखाद्या डेव्हलपरचा निर्णय फिरवायचा असेल, तर कमिटीत त्यासाठी तीनास एक असं बहुमत लागतं. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की इथले वाद इतके लांब का चालतात ते समजतं. मताधिक्याने कुणाकडून काम करून घेता येत नाही. जो माणूस उद्या ते पॅकेज अपलोड करणार आहे आणि परवा त्याचे बग झेलणार आहे, त्याला ते पटावं लागतं.

माझा पहिला स्वीकारला गेलेला पॅच (कोडमधली छोटी दुरुस्ती) अगदी साधा होता: नव्या कंपायलरवर एक पॅकेज बिल्ड होत नव्हतं, ते मी दुरुस्त केलं. ते पॅकेज सांभाळणाऱ्या मेंटेनरने तो लगेच घेतला नाही. त्याने विचारलं (अपस्ट्रीम म्हणजे मूळ सॉफ्टवेअर लिहिणारे लोक): अपस्ट्रीमला पाठवला का? यावर अवलंबून असलेली पॅकेजेस बिल्ड करून पाहिली का? टेस्ट चालतात, की फक्त कंपाइल होतं? हे प्रश्न खडूस वाटतील, पण ते कुठून आले हे कळायला २००८ सालाकडे जावं लागतं.

२००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या पॅकेजमधून दोन ओळी काढण्यात आल्या. व्हॅलग्रिंड हे साधन तिथे ‘न भरलेली मेमरी वाचली जाते’ अशी तक्रार करत होतं. मेंटेनरने अपस्ट्रीमच्या लोकांना विचारलंही होतं आणि आलेल्या उत्तरात कुणी ठाम विरोध केलेला नव्हता. पण त्यातल्या एका ओळीतूनच यादृच्छिक संख्यांसाठी लागणारी बहुतेक सामग्री आत जात होती. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर एका लांबीच्या जास्तीत जास्त ३२,७६८ किल्ल्या. मे २००८ मध्ये हे उघड झालं, तेव्हा जगभरच्या एसएसएच (दूरच्या यंत्रावर सुरक्षित लॉगिन करायची पद्धत) किल्ल्या बदलाव्या लागल्या. डेबियनवरून घडवलेल्या उबुंटूलाही तोच फटका बसला. त्या प्रकरणातला पत्रव्यवहार आजही सार्वजनिक आहे, तो वाचा. तिथे सगळ्यांचा हेतू चांगला होता. प्रश्न नेमका विचारला गेला नाही आणि उत्तर देणाऱ्यांना हा बदल थेट लाखो यंत्रांवर जाणार आहे याचा अंदाज आला नाही. म्हणून मेंटेनर विचारतो, ‘अपस्ट्रीमला पाठवला का?’

आज ज्यावर सगळ्यात जास्त शाई खर्च होते, तो वाद व्हेंडरिंगचा. नव्या भाषांमधले प्रकल्प आपल्या डिपेंडन्सीच्या, म्हणजे ज्या लायब्ररींवर ते अवलंबून असतात त्यांच्या, प्रती पोटातच घेऊन येतात. डेबियनची पॉलिसी सांगते की शक्यतो असं नको, लायब्ररी वेगळी पॅकेज करा. यामागे सुरक्षेचं कारण आहे. २००२ मध्ये झेडलिब या डेटा दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत गंभीर दोष सापडला, तेव्हा ती कोणकोणत्या प्रोग्रॅममध्ये चिकटवलेली आहे हे शोधत फिरावं लागलं. लायब्ररी एकाच जागी असेल, तर एक अपडेट पुरतो. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही पोकळ नाही. कुबरनेटिससारख्या (सर्व्हरवरचे प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या) मोठ्या प्रकल्पाच्या शेकडो डिपेंडन्सी एकेक करून पॅकेज करायच्या म्हटल्या, तर ते काम करणारा माणूसच उरत नाही. हा वाद २०२० मध्ये टेक्निकल कमिटीकडे गेला आणि प्रती आत ठेवणाऱ्या मेंटेनरचा निर्णय कमिटीने फिरवला नाही.

माझं मत विचाराल तर सी भाषेतल्या लायब्ररींबाबत मी जुन्या नियमाच्या बाजूने ठाम उभा राहतो. गो आणि रस्ट या भाषांचं गणित वेगळं आहे. तिथे लायब्ररी वेगळी पॅकेज केली तरी ती शेवटी बायनरीत, म्हणजे तयार प्रोग्रॅममध्येच, स्थिर जोडली जाते, म्हणजे दोष दुरुस्त झाल्यावर वरचं सगळं पुन्हा बिल्ड करावंच लागतं. फायदा तरीही आहे, कारण कुठे कुठे पुन्हा बिल्ड करायचं ते आर्काइव्हकडून कळतं. पण त्यासाठी किती माणसांचे किती तास द्यायचे, याचं उत्तर पॉलिसीत लिहिलेलं नाही. या वादात उतरायचं असेल, तर आधी अशा एका पॅकेजची एक डिपेंडन्सी स्वतः अद्ययावत करून बघा. त्यानंतर तुमच्या मताला वजन येईल.

सिस्टमडी, म्हणजे यंत्र सुरू होताना बाकी सगळं चालू करणारा प्रोग्रॅम, त्याचा वाद तुमच्या कानावर आलेला असेलच. बग क्रमांक ७२७७०८. फेब्रुवारी २०१४ मध्ये कमिटीतले आठ सभासद चार-चार असे विभागले गेले आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आलं. त्याच वर्षी काही जण बाहेर पडले आणि त्यांनी सिस्टमडीशिवायचं डेव्हुआन सुरू केलं. त्यातला संताप सोडून द्या. दोन्ही बाजूंनी लिहिलेली तांत्रिक टिपणं मात्र जरूर वाचा. सुरुवातीच्या प्रोसेसने काय करावं, हे इतक्या सविस्तर मांडलेलं क्वचितच सापडेल.

याउलट २०२२ चं फर्मवेअरबद्दलचं (हार्डवेअर चालायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दलचं) मतदान मला अतिशय आवडतं. मुक्त नसलेलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसल्यामुळे कित्येक लॅपटॉपवर वायफायच चालत नसे. तत्त्व आणि वापरकर्ता, दोघांशी इमान राखायचं होतं. शेवटी सोशल कॉन्ट्रॅक्टमध्येच (डेबियनने जाहीर केलेल्या तत्त्वांच्या करारात) उघडपणे दुरुस्ती केली गेली आणि जून २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म या आवृत्तीमध्ये असं फर्मवेअर स्वतंत्र विभागात, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं गेलं. पळवाट काढता आली असती, ती काढली नाही.

आणि एक्सझेड, म्हणजे फाइली दाबून लहान करणारं साधन. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांना डेबियनच्या अनस्टेबल (सतत बदलणाऱ्या) शाखेवर एसएसएच लॉगिन किंचित मंद वाटलं आणि त्यांनी पाठपुरावा केला. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा होता. तो ठेवणाऱ्याने थकलेल्या अपस्ट्रीम मेंटेनरचा विश्वास दोन वर्षांहून जास्त काळ खपून मिळवला होता. डेबियन आणि इतर काही डिस्ट्रो (लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टम) एसएसएचला सिस्टमडीची लायब्ररी जोडत होत्या आणि तिच्यामार्गे एक्सझेडची लायब्ररी आत येत होती. चोरदरवाजा चालू करणारा भाग प्रकाशित टारबॉलमध्ये (सोर्सच्या गठ्ठ्यात) होता, गिटमध्ये (कोडमधल्या बदलांच्या सार्वजनिक नोंदीत) नव्हता. नवी आवृत्ती लवकर घ्या असा आग्रह करणारा बगही डेबियनमध्ये नोंदवला गेला होता. स्टेबलपर्यंत, म्हणजे प्रसिद्ध झालेल्या पक्क्या आवृत्तीपर्यंत, मात्र तो माल पोचला नाही. ‘डेबियन जुनंच सॉफ्टवेअर देतं’ ही तक्रार पुढच्या वेळी ऐकाल, तेव्हा हे आठवा. आणि दमलेल्या मेंटेनरला घाई करणारं पत्र तुमच्या हातून जाऊ देऊ नका. त्याऐवजी एक टेस्ट लिहून पाठवा.

आता प्रत्यक्ष सुरुवात. ‘हाऊ कॅन आय हेल्प’ नावाचं पॅकेज इन्स्टॉल करा. तुमच्या यंत्रावरच्या कोणत्या पॅकेजला मदत हवी आहे, कोणतं ऑर्फन (मेंटेनर नसलेलं) झालं आहे, हे ते सांगतं. स्वतः रोज वापरता असं काहीतरी निवडा. बिल्ड न होण्याचा बग असेल तर उत्तम, कारण यश-अपयश लगेच दिसतं. पॅच बगला जोडा आणि थांबा. अपलोडचा अधिकार सुरुवातीला नसतो. तुमचं काम तपासून अपलोड करणारा स्पॉन्सर लागतो आणि तो मिळायला आठवडे जाऊ शकतात. त्या काळात दुसरा बग घ्या. एकाच स्पॉन्सरबरोबर काही अपलोड झाले की डेबियन मेंटेनर होण्याची, म्हणजे स्वतः अपलोड करण्याचा अधिकार मिळवण्याची, गोष्ट तोच काढेल. मेंटेनर बराच काळ गप्प असेल, तर नॉन-मेंटेनर अपलोडची, म्हणजे दुसऱ्याने अपलोड करण्याची, रीत आहे. त्यात पॅकेज विलंबाच्या रांगेत टाकतात, म्हणजे मूळ माणसाला हरकत घ्यायला वेळ मिळतो. ही सभ्यता नीट पाळा.

मराठी येणाऱ्यांसाठी एक काम कायम पडून असतं. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी आहे, लोहित देवनागरी फॉन्ट आहे, एम१७एन या कीबोर्ड-पद्धतींच्या संचात मराठीचे कीबोर्ड आहेत. पण प्रत्येक रिलीझच्या फ्रीझआधी (नवे बदल थांबवण्याआधी) कुणीतरी मराठीत इन्स्टॉलर शेवटपर्यंत चालवून, अनुवाद न झालेले संदेश टिपून आणि ‘र्‍या’, ‘ऱ्ह’सारखी जोडाक्षरं पडद्यावर तपासून बग नोंदवायला हवा. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. टेस्टिंगची (पुढच्या रिलीझच्या तयारीतल्या शाखेची) आयएसओ फाइल उतरवा, व्हर्च्युअल मशीनमध्ये लावा आणि जे दिसेल ते स्क्रीनशॉटसह लिहा.