टीएचं बोलावणं आलंय? कोल्हापूरची एसटी पकडायच्या आधी सर्व्हिस बुक बघा

आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातली काही पोरं सरकारी नोकरी सांभाळून टीएत आहेत, म्हणजे प्रादेशिक सेनेत, कोल्हापूरच्या 109 मराठा बटालियनला. वर्षाचा दोनेक महिन्यांचा कॅम्प ऑफिस कसाबसा निभावून नेतं, पण बटालियन एम्बॉडी झाली, म्हणजे पूर्णवेळ सैनिकी सेवेवर बोलावली, की माणूस लांबच्या ड्युटीवर जातो आणि इकडे त्याच्या टेबलावर दुसरा बसतो. मे 2025 मध्ये 32 पैकी 14 इन्फंट्री बटालियन एम्बॉडी करायचा आदेश निघाला तेव्हा ऑफिसात कोणते कागद द्यायचे हेच बऱ्याच जणांना माहीत नव्हतं, म्हणून लिहितोय.

कायदा तुमच्या बाजूने आहे हे आधी डोक्यात पक्कं बसवा. प्रादेशिक सेना कायदा 1948, कलम 7-अ. परत आल्यावर कामावर घेणं हे नोकरी देणाऱ्याचं कर्तव्य आहे आणि नुसतं जुन्या जागेवर नाही हां, तुम्ही गेलाच नसतात तर आज ज्या अटींवर असतात त्यापेक्षा कमी चालत नाही. म्हणजे मधल्या काळातली वेतनवाढ मागायला लाजू नका. जायच्या आधीच कोणी मुद्दाम काढून टाकलं तरी हे कलम लागू होतं. पीएफ वगैरे फंडातले हक्क 7-ब मध्ये आहेत.

पण खरी गडबड होते ती कागदावर. माझा चुलतभाऊ दोन वर्षांच्या ड्युटीवरून परत आला, ऑफिसात कपाट उघडलं तर पावसाच्या ओलीने सर्व्हिस बुकाची पानं एकमेकांना चिकटलेली, हळूहळू सोडवली तर त्या दोन वर्षांची एक ओळ नाही! पगारपत्रकात मात्र त्याला बिनपगारी दाखवलेला, वेतनवाढ अडकली ती सुटायला आठ महिने हेलपाटे घातले बिचाऱ्याने.

म्हणून बोलावण्याचं पत्र आलं की त्याच दिवशी झेरॉक्स जोडून अर्ज द्या, बारनिशीचा, म्हणजे टपाल घेणाऱ्या टेबलाचा, शिक्का आणि आवक नंबर आपल्या प्रतीवर घ्याच, तोंडी "साहेबांना सांगितलंय" याला काही किंमत नाही. कार्यमुक्तीचा लेखी आदेश हातात घ्या आणि त्यात "सैनिकी सेवेसाठी" हे शब्द आहेत का बघा, "रजेवर" असं लिहिलं असेल तर तिथेच बदलून घ्या. मग सर्व्हिस बुकात नोंद करून तिच्यावर सही झाली की मोबाईलवर फोटो, रजेच्या हिशोबाच्या पानाचा पण.

1 नोव्हेंबर 2005 ला किंवा त्यानंतर राज्य सरकारात लागलेल्यांनी एनपीएसचं, म्हणजे नव्या पेन्शन योजनेचं, स्टेटमेंट काढून ठेवा, म्हणजे कपात कुठल्या महिन्यापासून थांबली ते दाखवता येतं. पतपेढीचा हप्ता इकडच्या पगारातून जात असेल तर तो कुठून भरायचा ते आधीच ठरवा, नाहीतर जामीनदाराच्या दारात नोटीस जाते.

सुटताना युनिटमधून पार्ट टू ऑर्डरची, म्हणजे तुमच्या सेवेच्या नोंदींच्या लेखी आदेशाची, प्रत मागा, तारखा तिच्यावरूनच जुळवतात. आणि आल्यावर रुजू अहवालात मध्यान्हपूर्व की मध्यान्हनंतर ते लिहा, घरी दोन दिवस थांबणार असाल तर तेवढ्या दिवसांचा रजेचा अर्ज वेगळा टाका.