कांद्याला पाणी, पोळ्या चिवट: फूड प्रोसेसर वापरताना या चुका टाळा

फूड प्रोसेसरबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं: तो मिक्सरसारखा वापरला जातो. मिक्सर वाटतो, प्रोसेसर चिरतो, किसतो, काप करतो आणि कणीक मळतो. हे यंत्र फ्रान्समध्ये पिएर व्हर्दाँ यांनी हॉटेलांच्या स्वयंपाकघरांसाठी बनवलं आणि १९७१ मध्ये ते मॅजिमिक्स या नावाने घरांत आलं. आपल्याकडे मात्र अनेक घरांत तो मिक्सरच्याच मोटरवर बसणारं मोठं भांडं म्हणून येतो. त्यामुळे हातही मिक्सरच्याच सवयीने चालतो: झाकण लावायचं, बटण फिरवायचं आणि दुसऱ्या कामाला लागायचं. तेवढ्यात कांद्याचा लगदा झालेला असतो.

कांद्यापासूनच सुरुवात करू. कांद्याचे चार किंवा सहा तुकडे करा, भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका आणि बटण सलग चालू न ठेवता पल्सवर एकेक सेकंदाचे झटके द्या. दोन झटक्यांनंतर झाकण उघडून कडेचे तुकडे खाली ढकला, मग आणखी दोन-तीन द्या. जास्त फिरवलं की कांदा नुसता पाणी सोडत नाही, कडवटही लागतो. तो परतायला वेळ लागतो आणि रंग नीट येत नाही. भांडं गच्च भरलं तर तळाशी पेस्ट आणि वर अख्ख्या फोडी राहतात. कांदाभजीसाठी उभा चिरलेला कांदा हवा असेल तर पातं काढून कापांची चकती लावा.

कोथिंबीर ओली असताना टाकू नका. धुऊन, फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी होऊ द्या. नाहीतर ती चिरली न जाता पात्याला चिकटते आणि काळपट पडते. खमंग काकडीसाठी मात्र यंत्राला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चोचवलेल्या काकडीचा कुरकुरीतपणा किसणीच्या चकतीतून येत नाही, नुसतं पाणी सुटतं.

कणीक: सगळ्यात जास्त चुका इथेच

कणकेसाठी आधी पीठ, मीठ आणि चमचाभर तेल घाला, मशीन कमी वेगावर चालू करा आणि मग झाकणाच्या नळीतून पाणी बारीक धारेने सोडा. पाणी आधी ओतून वर पीठ टाकलं की तळाशी चिकट थर बसतो आणि वर कोरडं पीठ उरतं. साधारण ४०० ग्रॅम गव्हाच्या पिठाला २४० ते २६० मिलिलिटर पाणी लागतं; पीठ जाडसर किंवा जास्त कोंड्याचं असेल तर थोडं अधिक. त्यातलं सगळं एकदम न घालता शेवटचा पाव कप पाणी हाताशी ठेवा. पीठ किती घालायचं ते तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पाहुणे आले म्हणून त्यापुढे जाऊ नका, दोन घाण्यांत मळा. मशीन ओट्यावर नाचायला लागलं किंवा आवाज जड झाला, तर पीठ जास्त आहे किंवा कणीक फार घट्ट आहे.

गोळा एकत्र होऊन भांड्याच्या कडा सुटायला लागल्या की थांबा. याला मिनिट-दीड मिनिट पुरतं. अजून मऊ होईल म्हणून फिरवत राहिलं की ग्लुटेन (गव्हातलं कणीक बांधून धरणारं प्रथिन) ताणलं जातं, कणीक गरम होते आणि पोळी चिवट होते. ताजी कणीक थोडी चिकट वाटली तर घाईने पीठ मिसळू नका. झाकून वीस मिनिटं ठेवा. कोंडा पाणी शोषतो आणि ती आपोआप जागेवर येते. मग हाताला तेल लावून एकदा मळून घ्या. ती दोन मिनिटं वाचवू नयेत, पोळीचा मऊपणा तिथेच ठरतो.

ज्वारी-बाजरीच्या भाकरीचं पीठ यात मळू नका. त्यात ग्लुटेन नसतं, गोळा बांधला जातो तो गरम पाण्याने आणि तळहाताच्या दाबाने.

कूट, कीस आणि पुरण

दाण्याचं कूट तेलकट होण्याचं कारण सोपं आहे. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं आणि भाजलेले दाणे गरम असतानाच फिरवले की ते लगेच सुटतं. दाणे पूर्ण गार करा, सालं पाखडून काढा आणि इथेही झटकेच द्या.

हलव्यासाठी गाजर नळीत उभं घातलं तर कीस आखूड पडतो. लांब कीस हवा असेल तर गाजराचे नळीच्या रुंदीएवढे तुकडे करून आडवे ठेवा. कोबीचे काप जाड येत असतील तर तुम्ही दट्ट्या जोरात दाबताय. हलका दाब ठेवला की काप पातळ पडतात. बटाट्याचा कीस लगेच पाण्यात टाका, नाहीतर लाल पडतो. आणि नळीत काहीही अडकलं तरी बोट घालायचं नाही; मशीन बंद करा, प्लग काढा, मग झाकण उघडा.

पुरणाबाबत मी पुरणयंत्राच्याच बाजूने आहे. प्रोसेसरचं पातं डाळ चिरतं. एखादा दाणा अर्धवट शिजलेला राहिला तर तो तसाच पुरणात जातो आणि लाटताना पोळी फाटते. तरीही करायचंच असेल तर डाळ बोटाने सहज मोडेल इतकी शिजवा, कट पूर्ण निथळू द्या आणि कोमट असताना, गूळ घालण्याआधी फिरवा. उकळतं काहीही बंद भांड्यात नको. वाफेने झाकण उडू शकतं.

मशीन चालूच होत नाही?

दुरुस्तीवाल्याला फोन करण्याआधी झाकणाची खाच बघा. भांडं आणि झाकण पूर्ण फिरून जागेवर बसल्याशिवाय सुरक्षा-लॉक मोटर चालू होऊ देत नाही. चालता चालता बंद पडलं असेल तर भार जास्त झाल्याने मोटरचं संरक्षण काम करून गेलंय. प्लग काढा, भांडं थोडं रिकामं करा, पंधरा मिनिटं थांबा आणि मशीनच्या तळाशी छोटं बटण असेल तर ते दाबा. मोटर गुणगुणते पण पातं फिरत नाही, तर काही अडकलंय किंवा कपलर, म्हणजे मोटर आणि पातं जोडणारा भाग, झिजलाय. कपलर स्वस्त असतो आणि सहज बदलता येतो. नव्या मशीनला पहिल्या काही वेळा वास येतो तो मोटरच्या वार्निशचा. जुन्याला करपल्याचा वास आला तर मात्र लगेच बंद करा.

खालून पाणी गळत असेल तर पातळ पदार्थ मधल्या दांड्याच्या उंचीच्या वर गेलाय. ताक आणि डोशाचं पीठ मिक्सरच्या भांड्यातच करा.

धुण्याचा कंटाळा हे मशीन खोक्यात पडून राहण्याचं मोठं कारण आहे. त्यासाठी कामाचा क्रम लावा: आधी कूट, मग गाजर, मग कोबी, शेवटी कांदा. मध्ये फडक्याने पुसलं की पुरतं, धुणं एकदाच. पाती साबणाच्या फेसात बुडवून ठेवू नका. दिसत नाहीत आणि हात कापतो. भांड्याला गाजराचा केशरी रंग बसला तर थोडं तेल चोळून मग साबण लावा. हळदीचा डाग उन्हात ठेवल्यावर फिका पडतो.