लीजवर घेतलेल्या फ्लॅटची मुदत वाढवताना

मालकाला काही लाख रुपये एकरकमी द्यायचे, दोन-तीन वर्षे बिनभाड्याने राहायचे आणि घर सोडताना ती रक्कम परत घ्यायची, या व्यवहाराला बेळगाव भागात सर्रास ‘लीज’ म्हटले जाते. पहिला करार करताना बहुतेक जण वकिलाचा सल्ला घेतात. मुदत संपत आली की मात्र जुन्याच बाँडच्या पाठीमागे ‘मुदत आणखी दोन वर्षे वाढवली आहे’ अशी एक ओळ लिहून दोघांच्या सह्या होतात. कुटुंबाची सारी बचत ज्या व्यवहारात अडकलेली आहे, तो अशा एका ओळीच्या भरवशावर कधीही सोडू नये.

नोंदणी कायदा, 1908 च्या कलम 17 नुसार एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी न झालेली वाढ मुदतीचा पुरावा म्हणून न्यायालयात टिकत नाही, आणि मालकाच्या संमतीने पुढे राहणे चालू असले तरी निवासी घराच्या बाबतीत ते साधारणपणे महिन्या-महिन्याच्या भाडेपट्ट्यासारखे धरले जाते, जो पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो. म्हणून मुदतवाढ हा नवा करार समजून त्याची सगळी तयारी नव्याने करावी.

मुदत संपण्याच्या किमान तीन महिने आधी मालकाला आपला विचार लेखी कळवावा. रक्कम परत करायला पैसे नाहीत म्हणून मालकच मुदतवाढ सुचवत असेल, तर अधिक सावध राहावे. आज जी रक्कम देता येत नाही ती दोन वर्षांनी कोठून येणार, याचे उत्तर त्यांच्याकडून घ्यावे, आणि ते पटले नाही तर वाढीव रक्कम मुळीच देऊ नये.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून फ्लॅटचे ऋणभार प्रमाणपत्र, म्हणजे त्यावरच्या नोंदणीकृत व्यवहारांचा व कर्जांचा दाखला असलेली ईसी, पहिल्या कराराच्या तारखेपासून आजपर्यंतचे काढावे. मधल्या काळात मालकाने फ्लॅटवर कर्ज घेतले असेल, तर आपला पहिला करार त्या कर्जाच्या आधीचा असला तरी नवा करार कर्जानंतरचाच ठरतो. नुसती कागदपत्रे बँकेत ठेवून घेतलेले कर्ज ईसीमध्ये दिसेलच असे नाही. त्यासाठी बँकांकडे तारण असलेल्या मालमत्तांच्या सरसाई (CERSAI) या केंद्रीय नोंदवहीतही शोध घ्यावा. कर्ज आढळल्यास बँकेची लेखी संमती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 65-अ नुसार गहाण ठेवलेली इमारत मालकाला भाडेपट्ट्याने देता येते, परंतु ती तीन वर्षांहून अधिक मुदतीसाठी नव्हे, आणि त्यासाठी प्रीमियम (एकरकमी मोबदला) किंवा आगाऊ भाडे घेता येत नाही. आपली लीज तर एकरकमी पैशांवरच उभी असते. तेव्हा बँकेने फ्लॅट लिलावात काढला तर घर सोडावे लागण्याची आणि पैशांसाठी मालकामागे दाव्याने फिरण्याची वेळ येऊ शकते.

करारात जुन्या कराराची तारीख व नोंदणी क्रमांक, तेव्हा दिलेली आणि पुढे चालू ठेवलेली रक्कम, आता वाढवून दिलेली रक्कम आणि एकूण परतावा हे सारे आकड्यांत व अक्षरांत स्वतंत्रपणे लिहावे. रक्कम हाती पडल्याशिवाय ताबा सोडण्याचे बंधन नाही, फ्लॅट विकल्यास परताव्याची जबाबदारी खरेदीदारावर राहील आणि मालकाच्या पश्चात वारसांवर राहील, ही कलमे स्पष्ट शब्दांत असावीत. मेंटेनन्स, घरपट्टी आणि हेस्कॉमचे वीजबिल कोणी भरायचे, हे एका वाक्यात उरकले तरी चालेल. वाढीव रक्कम बँकेतूनच द्यावी. आयकर कायद्यानुसार 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक ठेव रोखीने स्वीकारता येत नाही.

घराचा ताबा हेच दिलेल्या पैशांचे तारण आणि व्याजाऐवजी घराचा उपभोग, अशी कराराची रचना असेल तर कायदा त्याला भाडेपट्टा न मानता ताबेगहाण मानू शकतो, आणि मुद्रांक शुल्क त्यानुसार बदलते. ते वकिलाकडून आधीच ठरवून घ्यावे, कारण कमी शुल्क भरलेला कागद न्यायालयात गेल्यास तुटीच्या दहापट दंड भरावा लागतो.

मसुदा कन्नडमध्ये असतो आणि आपल्यापैकी अनेकांना तो वाचता येत नाही. दस्तलेखकाने तोंडी सांगितलेल्या सारांशावर न थांबता, दोन्ही भाषा जाणणाऱ्या आणि व्यवहाराशी संबंध नसलेल्या माणसाकडून प्रत्येक कलम मराठीत समजून घ्यावे, आणि रकमेचे आकडे व तारखा स्वतः तपासाव्यात. हा आपला हक्क आहे, त्यात संकोच नको.

माहिती कावेरीवर भरून, मसुदा तपासून झाला की शुल्क भरून वेळ घ्यावी. सब-रजिस्ट्रार कार्यालयात मालक, आपण आणि साक्षीदार यांनी हजर राहावे. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर करावा लागतो. नोंदणीनंतर काही दिवसांनी पुन्हा ईसी काढून आपला करार त्यात उतरला आहे का ते पाहावे, आणि नसल्यास त्याच कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.