एकदांडीचा पाला जखमेवर कसा लावावा, कधी लावू नये

निंदणी करताना विळा बोटाला लागला की खान्देशात हात आपसूक बांधाकडे जातो, एकदांडीचा पाला तोडायला. कोणी तिला दगडी पाला म्हणतं, कोणी कंबरमोडी. वरवरच्या खरचटण्याला हा पाला चालतो. त्यापुढचं काम त्याच्यावर सोपवू नये.

आधी झाड ओळखा. एकदांडी जमिनीलगत पसरते. खोड आणि पानं केसाळ, पानं समोरासमोर, कडा करवती. वीतभर उंच, बिनपानाच्या दांड्यावर एकच फूल येतं: मध्ये पिवळं, कडेला बहुधा ५ फिकट पाकळ्या, पाकळीच्या टोकाला ३ दाते. त्याच बांधावर गाजर गवतही असतं. त्याची पानं बारीक चिरलेली आणि पांढरी फुलं झुपक्यात असतात. ते कातडीला लागलं तर खाज सुटून पुरळ उठतं. ओळख पटत नसेल तर तोडूच नका.

फवारलेल्या कपाशीच्या किंवा केळीच्या बांधावरचा पाला नको, गुरं बसतात तिथलाही नको. त्यापेक्षा घरी कुंडीत लावा. खोडाच्या पेरांना मुळं फुटतात, म्हणून पेरासकट वीतभर तुकडा रोवला की पुरतं.

जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली ५ मिनिटं धुवा. मग स्वच्छ कापडाने सलग १० मिनिटं दाबून धरा. मध्येच उघडून पाहिलं तर गोठलेलं रक्त निघतं आणि धार परत लागते. रक्त थांबल्यावरच पाला घ्या. ८-१० कोवळी पानं उकळून गार केलेल्या पाण्यात तीनदा धुवा, कारण केसाळ पानांत माती अडकते आणि धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. धुतलेल्या खलबत्त्यात ठेचून पातळ थर द्या, वर सुती कापड सैल बांधा. पाला दातांनी चावून लावणं तर अगदीच चुकीचं, तोंडातले जंतू थेट जखमेत जातात. ४-५ तासांनी लगदा पाण्याने भिजवून काढा. वाळलेला ओढला तर खपलीही निघून येते.

शेवंती किंवा गाजर गवताची अॅलर्जी असणाऱ्यांनी पाला टाळावा, एकदांडी त्याच कुळातली आहे. इतरांनी आधी कोपराच्या आत थोडा रस लावून दुसऱ्या दिवसापर्यंत पाहावं.

खोल किंवा तोंड उघडलेली जखम, भाजलेली जागा, डोळ्याजवळचा भाग, मधुमेह्याचा पाय इथे पाला नाही. कुत्रा चावला तर साबणाने १५ मिनिटं धुऊन लगेच रेबीजची लस घ्या. साप चावला तर थेट दवाखाना गाठा, पाला शोधण्यात वेळ जातो. मातीने माखलेली जखम असेल आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला ५ वर्षांहून जास्त झाली असतील, तर ते पुन्हा घ्यावं लागतं.

साखर उतरावी म्हणून काही जण हा रस पितात. पिऊ नका. गोळ्या चालू असताना साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि किती रस सुरक्षित याचं ठरलेलं माप नाही.

जखमेभोवती लाली पसरली, ठणका वाढला, पू किंवा ताप आला, की पाला थांबवून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.