नवीन पायलट : कार्गो घ्यायचं की छोटी एअरलाईन?

सीपीएल (व्यावसायिक पायलटचा परवाना) हातात आलं की उड्डाणाचे २०० तासच असतात ना, आणि एटीपीएलला (कॅप्टन व्हायला लागणारा परवाना) लागतात १५००, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं तास कुठे भरतील तेच बघा. माझं मत स्पष्ट आहे, एटीआर (पंख्याचं छोटं प्रवासी विमान) मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. फ्लाय९१ गोव्याहून एटीआर ७२ उडवते, अलायन्स एअरकडेपण तेच, तासा-दीड तासाचे सेक्टर (एका टेकऑफपासून लँडिंगपर्यंतचा टप्पा), म्हणजे एका दिवसात चार-चार लँडिंग, पावसाळ्यात कोकणात खाली ढग, बाजूने वारा, रडरवर (शेपटीच्या सुकाणूवर) पाय सारखा चालू, हात तिथेच बसतो हो!

कार्गोचं काम रात्रीचं. पहाटे ३ ला पार्सल चढेपर्यंत थांबायचं, ४ ला टेकऑफ, सकाळी पडदे ओढून झोपायचं. ब्लू डार्टकडे बोईंग ७३७, ७५७ आहेत, जेटचा अनुभव मिळतो, पण जागा मोजक्याच. दिवसा झोप लागत नसेल तर नका जाऊ.

सही करण्याआधी बाँड (नोकरी न सोडण्याचा करार) किती वर्षांचा, टाईप रेटिंगचे (त्या-त्या विमानासाठी वेगळं प्रशिक्षण आणि परवानगी) पैसे कोण भरणार आणि महिन्याला खरे तास किती होतात हे तिथल्याच फर्स्ट ऑफिसरला (को-पायलटला) विचारा, एचआरला नाही. एटीआरचं रेटिंग एअरबस ए३२० या जेटवर चालत नाही, पुढे परत खर्च आहे.